राजाच्या बरणीला ओला हात कोणाचा

लोणच्यातलं आमच्या भागात माझ्याइतकं कोणाला कळत नाही. बरणीचं झाकण उघडा, मी डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगतो की आत कैरी आहे की लिंबू. मागच्या वर्षी चार माणसांत असंच छातीठोकपणे "लिंबू" म्हणून सांगितलं, तर ते सुनेचं केसांना लावायचं तेल निघालं. तेव्हा माझ्या नाकावर जाऊ नका. गोष्टीवर जा.

तर एका राज्यात, ते कोणत्या दिशेला होतं ते विचारू नका, दिशा शिकवल्या त्या दिवशी मी शाळेत नव्हतो, वीरकेतू नावाचा राजा होता. राजा होता, गादी होती, आणि गादीच्या खाली, तळघरात, एक बरणी होती.

बरणी कमरेएवढी उंच. पोट पांढरं, गळा तपकिरी. तोंडावर कोऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला, दादऱ्यावर झाकण, झाकणावर साखळी, साखळीला तीन कुलपं. आत सात पिढ्यांचं कैरीचं लोणचं. दरसाल नव्या फोडी जुन्या खारात पडायच्या, म्हणजे खार पणजोबांचा आणि फोडी नातवाच्या. त्या घराण्यात असं धरून चालत, की बरणीतलं लोणचं चांगलं तोवर गादी चांगली. लोक दरबारात आले की आधी तळघराच्या दिशेनं नमस्कार करत आणि मग राजाला. मीही तेच केलं असतं. राजा काही भाताबरोबर खाता येत नाही.

बरणीच्या वर, खिडकीच्या कट्ट्यावर, राखणीला एक टिटवी ठेवली होती. टिटवी बोलायची. शिस्तीची होती; विचारलं तेवढंच सांगायची, पदरचं काही घालायची नाही.

आता लोणच्याला ओला हात लागला की ते नासतं, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पण त्या राज्यात ते जरा जास्तच ठाऊक होतं. दोन माणसं रस्त्यात भेटली की राम राम करत नसत. तळवे पुढं करून विचारत, "हात कोरडे?" समोरचा म्हणे, "कोरडे. तुमचे?" लग्न ठरवताना मुलाच्या तळहातावर चुलीतली राख ठेवायचे. राख भुरभुरली तर मुलगा पसंत. राखेचा गोळा झाला तर पाहुणे चहासुद्धा न घेता उठायचे. प्रेमात पडलेल्या पोरांच्या हाताला घाम सुटतोच, त्यामुळं त्या राज्यात प्रेमात पडलेली पोरं तेवढी बिनलग्नाची राहायची आणि बाकीच्यांचे संसार कोरडे ठणठणीत चालायचे.

एके दिवशी भर दुपारी जटाळ नावाचा मांत्रिक राजाच्या पंगतीला येऊन बसला. भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं. जटाळ म्हणाला, "एक फोड वाढा."

राजा म्हणाला, "हात दाखव."

जटाळानं उजवा दाखवला. कोरडा.

"डावा?"

तोही कोरडा.

"तू येताना नदी ओलांडली असशील."

"पुलावरून आलो."

"पुलाखाली पाणी होतं ना?"

जटाळ पानावरून उठला. भरल्या पानावरून उठणारा साधा माणूससुद्धा वाईट, हा तर मांत्रिक. म्हणाला, "राजा, तुला बरण्यांची एवढी हौस आहे तर घे. यापुढं तू ज्याच्यावर बोट रोखून 'संशय येतो' म्हणशील, त्याची बरणी होईल. एकवीस दिवसांत सुटला तर सुटला. एकविसाव्या दिवशी सूर्य बुडला की कायमची बरणी." एवढं बोलून त्यानं हात धुतला, तो न पुसता तसाच झटकला आणि निघून गेला. ते उडालेले थेंब बघून दोन सरदारांना भोवळ आली.

महिना गेला. एके सकाळी बरणीत, तेलाच्या तवंगावर, बुरशी दिसली. पांढरी, लुसलुशीत, सशाच्या पिलासारखी.

राजानं टिटवीला विचारलं, "काल इथं कोण आलं होतं?"

"परका कोणी नाही, महाराज."

म्हणजे आपल्यातलाच, असं राजानं ताडलं. आणि आपल्यातल्यांमध्ये ज्याचे हात बारा महिने ओले असा एकच माणूस वाड्यात होता. म्हाळू पाणक्या. दोन घागरींची कावड खांद्यावर घेऊन तो सूर्योदयापासून पाणी भरायचा. राजानं त्याला अंगणात उभं केलं, बोट रोखलं आणि म्हणाला, "मला तुझा संशय येतो."

म्हाळूची बरणी झाली. कावड तशीच खांद्यावर राहिली. बरणीला खांदे नसतात, पण कावड तशीच राहिली.

प्रधानजी म्हणाले, "महाराज, पुरावा?" प्रधानजींची बरणी झाली, रुंद आणि बुटकी. ती बघून कोतवालाला हसू आलं. कोतवालाची झाली, तिचं झाकण शेवटपर्यंत नीट बसलं नाही. राजवैद्य फार वेळा हात धुतात म्हणून त्यांची. आचारी हात धुतच नाही, काहीतरी लपवत असणार, म्हणून त्याची. मधल्या एका आठवड्यात राजानं कोणावर बोट रोखलं नाही, पण त्या आठवड्यात त्याला पडसं होतं आणि हात रुमालात गुंतले होते. अठरा दिवसांत अंगणात एक्केचाळीस बरण्या ओळीनं उभ्या राहिल्या. लोक घरात शिरून बसले. बायका कपडे वाळत घालायच्या आणि दोरीखाली स्वतःही हात वर करून उभ्या राहायच्या.

आणि एवढं करून बुरशी काही जाईना. रोज काढावी, रोज यावी. राजा रोज विचारायचा, टिटवी रोज तेच सांगायची.

म्हाळूची बायको मथुराक्का. वाड्याच्या मुदपाकखान्यात भाजी निवडायचं काम तिचं. रोज काम आटपलं की ती अंगणात यायची, कावडीवरून आपली बरणी ओळखायची, पदरानं पुसायची आणि दोन शब्द बोलायची.

"अहो, आज शेवग्याची आमटी होती. तुम्हाला आवडत नाही, म्हणून मुद्दाम सांगते."

मग बोटाच्या पेरानं बरणीवर टिचकी मारायची. आतून 'ठक' असा आवाज यायचा, आणि त्याच्यामागून एक बारीकसा उसासा. त्या उसाशावर ती घरी जायची. अठराव्या दिवशी तिनं टिचकी मारली. ठक आला. उसासा आला नाही. तिनं पुन्हा मारली. नुसती माती वाजली.

तीन दिवस उरले होते. मथुराक्कानं भाजीची पाटी तिथंच पालथी घातली आणि ती जटाळाच्या टेकडीकडे चालू लागली.

जटाळ एका उलट्या कढईखाली राहायचा. कढई एवढी मोठी की काठाखालून माणूस वाकून आत जाई. तो दहीभात खात बसला होता. तोंडी लावायला काही नव्हतं.

"कोण?"

"मथुरा. म्हाळू पाणक्याची बायको."

"कशावरून? राजाची हेर असशील."

"राजानं पाठवलं असतं तर माझ्यामागं दुसरा हेर असता, आणि त्याच्यामागं तिसरा. मागं बघा."

जटाळानं मान बाहेर काढून बघितलं. वाटेवर एक बकरी होती. तिच्याकडेही त्यानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "बस."

"बसायला वेळ नाही. शाप सुटतो कसा ते सांगा."

"तीन गोष्टींनी सुटतो. पहिली, एका प्रहरात मुरेल असं लोणचं घाल. दुसरी, गावातल्या घरटी एकेकाचा हात त्याला लागू दे. तिसरी, त्यात पाणी पडू दे, आणि ते राजाच्या हातून पडू दे. हे तिन्ही झालं की खरा चोर दिसेल. राजाचं बोट खऱ्या चोराकडं वळलं, की खोट्या संशयानं झालेल्या सगळ्या बरण्या सुटल्या."

"आणि नाही वळलं तर?"

"तर बरणी चांगली आहे. आंबे घाल."

मथुराक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की मांत्रिकानं दहीभाताचा घास परत पानात ठेवला.

"तिसरी गोष्ट कशी व्हायची?" ती म्हणाली. "राजा मरेल, पण लोणच्यात पाण्याचा थेंब पाडणार नाही."

"राजालाही असंच वाटतं," जटाळ म्हणाला आणि कढईखाली दिसेनासा झाला.

पहिल्या गोष्टीची तिला काळजी नव्हती. मथुराक्काचं माहेर गरीब. लोणचं वर्षभर मुरवायला घरात बरणी लागते, बरणी ठेवायला कोनाडा लागतो, आणि कोनाडा असायला भिंत धड लागते. तिच्या आईकडं तिन्ही नव्हतं. ती सकाळी गाजर-मुळा चिरायची आणि दुपारच्या भाकरीला लोणचं वाढायची. चार दिवस टिकायचं, पाचव्या दिवशी आंबायचं. पण पाचव्या दिवसापर्यंत ते उरायचंच नाही. वाड्यातली माणसं त्याला उतावळ्यांचं लोणचं म्हणत आणि नाक मुरडत.

टेकडीवर जाऊन यायला एक दिवस मोडला. विसाव्या दिवशी ती गावात फिरली. पहिल्या दाराची फट बोटभर उघडली.

"काय पाहिजे?"

"एक गाजर. आणि उद्या दुपारी वाड्यावर येऊन ते आपल्या हातानं चिरायचं."

"आमच्या गाजरावरच का डोळा? काही झालं तर आमच्या गाजरावर घालायचं, असंच ना?"

दार लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्या दारात म्हातारीनं मुळा दिला आणि मथुराक्का चार पावलं जाते न जाते तोच मागं पळत येऊन परत घेतला.

मथुराक्का ओट्यावर बसली आणि विचार केला. मग उठून पहिल्या दारी गेली आणि गाजराचं नावच काढलं नाही. म्हणाली, "तुम्ही नाही आलात तरी चालेल. शेजारचे येणार आहेत. राजासमोर उभे राहून चिरणार आहेत. चिरताना तुमच्याबद्दल काय बोलतील, ते मी कसं सांगू?"

असं ती दारोदार सांगत गेली. एकविसाव्या दिवशी दुपारी सगळं गाव वाड्याच्या अंगणात हजर. कोणी प्रेमानं आलं नव्हतं. शेजारी आला म्हणून शेजारी आला होता. पण आले होते, आणि प्रत्येकाच्या हातात भाजी होती. गाजरं, मुळे, ओली हळद, आलं, हिरव्या मिरच्या, लिंबं, फ्लॉवर. त्या काळी फ्लॉवर कुठला, असं एखादा शहाणा विचारेल. त्याला सांगा, टिटवी बोलते ते चाललं, फ्लॉवर नाही चालत?

राजा वाड्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"मथुरे, हे काय?"

"लोणचं घालते, महाराज. सूर्य बुडायच्या आत मुरेल."

"लोणचं मुरायला वर्ष लागतं."

"बरणीतलं लागतं. आमच्याकडं बरणी नव्हती."

"यात काहीतरी कावा आहे." राजाचं बोट उठू लागलं. माणसं एकमेकांच्या मागं सरकली. शेवटी सगळं गाव अंगणातल्या एकाच कडुलिंबाच्या झाडामागं उभं राहायला बघत होतं.

मथुराक्का हलली नाही. "रोखा, महाराज. माझी बरणी होईल. पण उद्या तुमच्या लोणच्यावर पुन्हा बुरशी येईल, आणि ती कुणामुळं येते ते तुम्हाला जन्मात कळणार नाही. मला एक प्रहर द्या, चोर दाखवते."

बोट हवेत थांबलं. संशयी माणसाला चोर दाखवतो म्हणावं, तो दम धरतो.

"एक प्रहर," राजा म्हणाला. "मग बोट."

मथुराक्कानं भाज्या हौदाच्या पाण्यात बुडवून धुतल्या. गाव शहारलं. मग त्या पंचांवर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून टिपून घेतल्या. गाव सावरलं. लोक ओळीनं विळीवर बसले. गाजराच्या बोटाएवढ्या सळ्या, मुळ्याच्या चकत्या, फ्लॉवरचे बारके तुरे, हळदीचे काप. प्रत्येकाचं अर्धं लक्ष आपल्या विळीवर आणि अर्धं शेजारच्याच्या, त्यामुळं मुळे फार वेडेवाकडे चिरले गेले. काप मोठ्या परातीत पडले. वरून मीठ, वरून लिंबाचा रस.

मग तिनं पाट्यावर मोहरी घेतली आणि वरवंट्याखाली वाटता वाटता तिच्यावर पाण्याचे शिपके मारले.

"पाणी," नवा प्रधान किंचाळला. जुना प्रधान ओळीत दुसऱ्या नंबरची बरणी होता.

"मोहरी फेसायची तर पाणी लागतंच," मथुराक्का म्हणाली. "आणि गाजरात आधीच घागरभर पाणी आहे, ते कुठं घालवाल?"

मोहरी फेसली. पांढरा फेस आला आणि त्याचा झणका अंगणभर उठला. सगळ्यांच्या नाकात झिणझिण्या, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. एकवीस दिवसांत त्या गावात उघडपणे रडायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ज्यांची माणसं बरण्या होऊन समोर उभी होती, त्यांनी त्या मोहरीच्या आडून रडून घेतलं. राजाचेही डोळे भरले. त्यानं आजूबाजूला बघितलं, कोणी बघत तर नाही ना. सगळे बघत होते.

फेसलेली मोहरी परातीत गेली. कढल्यात तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला, हळद पडली, आणि कढलं चुलीवरून खाली आलं. मथुराक्का हात बांधून बसली.

"आता ओत की," नवा प्रधान म्हणाला.

"गार झाल्याशिवाय नाही. गरम फोडणी ओतली तर मोहरी कडू होते."

"सूर्य खाली चाललाय."

"मला दिसतोय."

तिला दिसत होताच. ओळीतल्या पहिल्या बरणीची, कावडवाल्या बरणीची, सावली लांबत लांबत तिच्या पायापर्यंत आली होती. ती कढल्याला बाहेरून हात लावून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. घाई केली असती तर लोणचं कडू झालं असतं आणि राजाला निमित्त मिळालं असतं. तिनं घाई केली नाही. कढलं गार झालं तेव्हा ऊन वाड्याच्या कौलांवर चढलं होतं.

फोडणी पडली. वास सुटला. घरटी एकेकजण पुढं झाला आणि कालथ्यानं एकेक फेर देऊन मागं सरला.

मथुराक्का म्हणाली, "महाराज, सगळ्या घरांचा हात लागला. एक घर राहिलं."

"कोणाचं?"

"तुमचं."

राजा परातीकडं आला. खाण्याच्या जिनसेला हात लावायचा म्हणजे त्याआधी राजाचे हात धुवायचे, हा वाड्याचा रिवाज. दोन सेवक पुढं झाले, हातांवर गुलाबपाणी ओतलं, आणि झारी घेऊन मागं सरले. पुसायला कोणी पुढं आलं नाही. राजाचा हात कधी पुसायचा नाही, हाही त्या घराण्याचा रिवाज; पुसला तर भाग्यरेषा पुसली जाते म्हणे. सात पिढ्या राजांचे हात वाऱ्यावर वाळत आले होते. मागच्या सहांचं त्यात काही बिघडलं नव्हतं, कारण त्यांनी बरणी कधी स्वतः उघडली नव्हती. आचारी कोरड्या डावानं काढायचा, ते खायचे.

राजानं कालथा घ्यायला हात परातीवर नेला. करंगळीवरून एक थेंब ओघळला आणि लोणच्यात पडला. टप.

एवढ्या मोठ्या अंगणात तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"पाणी," तळघराच्या खिडकीतून टिटवी म्हणाली.

"कोणी पाडलं?" राजा गरजला आणि त्यानं बोट वर केलं. लोक पुन्हा लिंबामागं. राजा बोट फिरवत होता, या टोकाकडून त्या टोकाकडं, आणि बोटावरचं गुलाबपाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. सगळं गाव त्या ओघळाकडं बघत होतं.

मथुराक्कानं टिटवीला हाक मारली. "टिटवीबाई, तळघरात रोज कोण येतं?"

"परका कोणी नाही."

"आपला कोण?"

"महाराज," टिटवी म्हणाली. "रोज सकाळी, स्नान झाल्याबरोबर. कोणी हात लावला नाही ना, ते बघायला. कुलपं काढतात, दादरा सोडतात, बोट बुडवून चव घेतात, पुन्हा बांधतात."

राजानं खिडकीकडं मान वळवली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं, कोण आलं होतं. तुम्ही दुसऱ्यांचं विचारताय असं मला वाटलं."

कौलांवरचं ऊन आढ्यापर्यंत सरकलं. राजाचं बोट अजून वरच होतं, आणि त्याला कुठं न्यायचं ते त्याला कळत नव्हतं. टिटवीकडं गेलं. मग मथुराक्काकडं आलं आणि तिथं थांबलं. तिला बरणी केली असती तर हे सगळं मागं पडलं असतं. लोक घरी गेले असते, आणि बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

मथुराक्का म्हणाली, "महाराज, माझ्याकडं बघू नका. त्या कावडवाल्या बरणीकडं बघा. तिचे हात ओले होते ते तुमच्या अंघोळीचं पाणी भरून."

राजानं बघितलं. बराच वेळ बघितलं, निदान तिला तरी तो बराच वाटला, कारण आढ्यावरचं ऊन आता सुतासारखं राहिलं होतं. मग त्यानं मनगट वळवलं आणि बोट आपल्याच छातीवर टेकवलं.

"मला माझा संशय येतो," राजा म्हणाला.

राजाची बरणी झाली. उंच, घोटीव, मुकुट झाकणासारखा बरोबर बसलेला. त्याच क्षणी अंगणात एक्केचाळीस माणसं एकदम शिंकली. मोहरीचा झणका त्यांच्या नाकात उशिरा पोचला होता. प्रधानजींनी पहिला शब्द काढला तो "पुरावा". कोतवालाचं हसू एकवीस दिवसांपूर्वी जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू झालं.

म्हाळूनं खांद्यावरची कावड खाली ठेवली. "मथुरा, एकवीस दिवसांत ही कुणालाच उतरवता आली नाही? खांदा गेला माझा."

"बरणीला खांदा असतो का?" ती म्हणाली, आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. मोहरी लागली म्हणाली.

जटाळही आला. कुठून आला ते दिसलं नाही; परातीजवळ हात पसरून उभा होता एवढं खरं. मथुराक्कानं त्याला गाजराची फोड वाढली. त्यानं ती डोळे मिटून खाल्ली, आणि मग राजाच्या बरणीवर टिचकी मारून म्हणाला, "हा संशय खरा होता, म्हणून ही बरणी बोटानं सुटायची नाही. रिकामी झाली की सुटेल."

"रिकामीच आहे ना?" प्रधानजी म्हणाले.

"आधी भरावी लागेल," मथुराक्का म्हणाली आणि तिनं परातीतलं सगळं लोणचं राजात भरलं.

ती बरणी सिंहासनावर ठेवली. लोक भाकऱ्या घेऊन दरबारात यायचे, राजातून फोडी काढायचे आणि तिथंच पायरीवर बसून खायचे. पहिल्या दिवशी एकमेकांच्या हातांकडं बघत खाल्लं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी बघितलं. तिसऱ्या दिवशी बघायचं राहूनच गेलं, कारण मिरची जास्त झाली होती आणि सगळे पाण्याला धावले. चौथ्या दिवशी, लोणचं आंबायला लागायच्या बेतात असताना, तळाशी राहिलेला खार म्हाळूनं बोट फिरवून चाटून घेतला. बोट ओलं होतं. कोणी काही म्हटलं नाही.

आणि बरणीच्या जागी राजा बसलेला दिसला. कोपरापर्यंत हळद, मिशीत मोहरी.

मग राज्य रीतीवर आलं. तळघरातलं नासकं लोणचं खड्ड्यात गेलं, आणि सात पिढ्यांची बरणी धुऊन, उन्हात वाळवून, ज्वारी भरायला ठेवली. टिटवीला नदीकाठी रजा मिळाली. राजाचा हात पुसायला पंचा घेऊन उभं राहायचं काम कोतवालाला मिळालं. तेवढं तरी त्यानं न हसता करावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. घरोघर गाजर-मुळ्याचं लोणचं होऊ लागलं. सकाळी घालावं, दुपारी वाढावं, आणि शेजारी वाटी पाठवावी, कारण टिकत नाही म्हटल्यावर ठेवून करायचं काय? राखेची परीक्षा बंद झाली. घामट हातांची लग्नं झाली, आणि ती बाकीच्यांसारखीच बरी-वाईट निघाली.

राजाच्या बोटातला शाप गेला. पण शाप गेला म्हणजे खोड गेली असं कुठं आहे? पाचव्या दिवशी दरबार भरला, तेव्हा राजानं डोळे बारीक केले. प्रधानजींकडं बघितलं. कोतवालाकडं बघितलं. मग मथुराक्काला पुढं बोलावलं.

"अक्का, मी चार दिवस बरणी होतो."

"होय, महाराज."

"त्या चार दिवसांत माझं राज्य कोण चालवत होतं? खरं सांग."

प्रधानजी कोतवालाकडं बघू लागले, कोतवाल छताकडं.

"कुणीच नाही, महाराज," मथुराक्का म्हणाली. "म्हणून तर नासलं नाही."